विकसनशील देशांत हरित इमारती का रुजत नाहीत? त्या खरंच परवडत नाहीत का?

हरित इमारत, म्हणजे कमी विजेत राहण्याजोगी राहणारी इमारत, महाग पडते म्हणून गरीब देशांना ती झेपत नाही, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी इमारतींचे आराखडे करते. माझ्या मते खर्चाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे खर्च एकाला आणि बचत दुसऱ्याला.

बिल्डर बांधतो, विकतो आणि मोकळा होतो. विजेचं बिल पुढची चाळीस-पन्नास वर्षं राहणारा भरतो. भिंतीत उष्णतारोधक थर घालायचा तर पैसे बिल्डरचे जातात आणि गारवा भाडेकरूला मिळतो. घर घेणारा क्षेत्रफळ, जागा आणि हप्ता बघतो. दुपारी चार वाजता पश्चिमेची खोली किती तापेल, हे त्याला कुठल्याच कागदावर दिसत नाही. मग त्यासाठी तो जादा पैसे का मोजेल?

आणि बरेचसे उपाय मुळात महाग नाहीतच. साधा छज्जा घ्या. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा असला, की उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने ऊन काचेवर फारसं पडत नाही, आणि हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की तेच ऊन घरात येतं. पश्चिमेला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण मावळतीचं ऊन तिरपं, छज्ज्याच्या खालून आत शिरतं. तिथे उभे आडोसे, जाळी किंवा सरळ लहान खिडकी हवी. आराखडा कागदावर असतानाच हे ठरलं तर फार थोड्या पैशांत होतं. पण बैठकीत खर्च कापायची वेळ आली की पहिले छज्जे उडतात आणि नंतर त्याच भिंतीवर एसी टांगले जातात. हे बघून मला दरवेळी तितकंच वाईट वाटतं.

पैसा नाही म्हणून अडत नाही, याचं माझं आवडतं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातली गांदो गावची शाळा. 2001 साली वास्तुविशारद दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी ती गावकऱ्यांच्या हातांनी उभी केली. भिंती सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटांच्या, आणि पत्र्याचं छप्पर खालच्या छतापासून उचलून धरलेलं. पत्रा तापतो, पण मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो आणि ती उष्णता वर्गात उतरत नाही. झिंबाब्वेची राजधानी हरारे इथलं 1996 चं ईस्टगेट सेंटर हे कार्यालयांचं आणि दुकानांचं संकुल रात्रीच्या थंड हवेने जाड काँक्रीट गार करून दिवसा तो गारवा वापरतं. अर्थात हरारे उंचावर आहे, तिथल्या रात्री थंड असतात. दमट किनाऱ्यावर तीच युक्ती चालणार नाही. परदेशी नमुना आणून जसाच्या तसा बसवणं हाही एक अडथळाच, आणि बाहेरून चकचकीत काचेची इमारत उभी करून वर ‘हरित’ असल्याचं प्रमाणपत्र लावणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार.

नियमांचं घोडं हळू चालतं. भारतात व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता, म्हणजे ऊर्जा वाचवणाऱ्या बांधकामाचे नियम, 2007 साली आली, घरांसाठीची 2018 मध्ये, आणि अंमलबजावणी राज्यांवर. शिवाय नियम आला तरी ते काम माहीत असलेले गवंडी, सुपरवायझर आणि तपासणारे अधिकारी लागतात. त्यांच्या प्रशिक्षणावर फारच कमी लक्ष दिलं जातं.

फायद्यांत सगळे वीजबिल सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की वीज गेली तरी असं घर राहण्याजोगं राहतं. जिथे भर उन्हाळ्यात तासन् तास वीज जाते, तिथे सावलीतली भिंत आणि पांढरं छत म्हाताऱ्या माणसांचा आणि तान्ह्या बाळांचा जीव वाचवू शकतं. शिवाय दुपारची मागणी कमी झाली की देशाला तेवढी वीजकेंद्रंही कमी उभारावी लागतात.

धोरणात एकच बदल करता आला तर मी विक्रीच्या आणि भाड्याच्या प्रत्येक कागदावर इमारतीचं ऊर्जा-मानांकन सक्तीचं करेन, फ्रिजवर स्टार असतात तसं. मग गिऱ्हाईक विचारू लागेल आणि बिल्डरला छज्जा ठेवण्यात स्वतःचा फायदा दिसेल.