पडकी गढी जलरंगात वीटभट्टीसारखी का दिसते?

तुम्ही विचारलंय की गावची पडकी गढी जलरंगात काढली की वीटभट्टी वाटते, जुन्या युरोपीय चित्रांतली हुरहुर येत नाही. आधी तो तपकिरी रंग बाजूला ठेवा. वऱ्हाडातली गढी पांढऱ्या मातीची. तिच्यावर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी रंग) फिरवला की ती भाजल्यासारखी दिसणारच. ‘जुनं म्हणजे तपकिरी’ असं शिकवतात, ते साफ चूक आहे.

उन्हातल्या भिंतीला यलो ऑकर (मातकट पिवळा) अगदी पातळ, त्यात किंचित लाइट रेड (विटकरी लाल). पूर्ण वाळू द्या. मग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि लाइट रेडची सावली एकाच हातात वरून खाली आणा. बुरुजाच्या सावलीत वरच्या भागावर आभाळाचा निळा उजेड असतो, तळाशी समोरच्या तापल्या जमिनीचा. म्हणून सावली ओली असतानाच खालच्या तिसऱ्या हिश्श्यात ऑकर सोडा. माती तिथेच माती दिसायला लागते.

पावसाने पाडलेले ओघळ म्हणजे गढीचं वय. दुपारी ते दिसतच नाहीत. हिवाळ्यात सकाळी 8 ते 10 बसा, सावलीच्या कडा पहिल्या 15 मिनिटांत पेन्सिलीने पक्क्या करा आणि ऊन सरकलं तरी बदलू नका. उन्हाळ्यात काढायचंच असेल तर 300 जीएसएमचा जाड कागद मागूनही भिजवून ॲक्रिलिकच्या पाटीवर ठेवा, नाहीतर वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, मध्येच वाळून काठ धरतो. मास्किंग फ्लुइड (कागद पांढरा राखायला लावतात तो रबरी द्रव) उन्हात तापलं की कागदाला धरून बसतं, काढताना कागद सोलतो.

आता हुरहुर. भग्नावशेष रंगवणारा अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ह्यूबर रोबेर 11 वर्षं रोममध्ये राहिला. त्याच्या भग्न कमानींखाली बायका धुणी धुतात, कपडे वाळत घालतात. 1796 मध्ये त्याने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचं नांदतं दालन पडकं कल्पून रंगवलं, त्यातही माणसं आहेत. ‘बकऱ्या वगळा, माणसं वगळा, विजेचा खांब वगळा’ म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच कधी पटलं नाही. घराच्या धाब्याच्या छतासाठी गढीचीच माती टोपल्यात भरून नेणारी बाई काढा की! बुटक्या स्टुलावर बसलात तर तुमचा डोळा साधारण साडेतीन फुटांवर येतो. सपाट जागेवर उभ्या माणसाची कंबर मग क्षितिजरेषेवरच, म्हणजे तुमच्या डोळ्याच्या पातळीवरच, हवी, तो जवळ असो की लांब. हे चुकलं की बुरूज खेळण्यातला दिसतो.

हे सगळं मातीच्या गढीचं. मेळघाटातल्या गाविलगड किल्ल्याचा दगड काळा, तिथे अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना लागेलच. आणि पावसाळा नुकता सरला असेल तर बुरुजाच्या पायथ्याशी बसू नका, आत मुरलेलं पाणी माती ढासळवतं.