लोडवर चालव

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळे भरून आले, दुसऱ्यांदा डोकं तापलं. आजोबा गेले, त्यांचा मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर आणि त्यामागे ओढायचं ते जुनं कंबाईन, कापणी-मळणीचं यंत्र, शेडमध्ये उभं आहे. भाऊ म्हणतो भंगारात दे, जुनी यंत्रं जमवणारा एक गृहस्थ दोनदा चक्कर मारून गेला, आणि तुला काही ते सोडवत नाही. इथवर सगळं कळलं. मग मी तुझे प्रश्न मोजले. एकूण सात. त्यातले चार रंगाबद्दल! बॉनेटचा लाल नेमका कोणता, चासीचा करडा कोणता, स्टिकर कुठून मिळतील आणि जुना रंग उतरवायला कितीचा पॉलिश पेपर घेऊ.

पॉलिश पेपर खाली ठेव. आधी मला सांग, हा ट्रॅक्टर शेवटचा लोडवर, म्हणजे मागे ओझं ओढत, कधी चालला? सुरू कधी झाला ते विचारत नाहीये. ते तू लिहिलंच आहेस, आणि मोठ्या अभिमानानं लिहिलं आहेस, की दर महिन्याला दहा मिनिटं सुरू करून बंद करते. त्याच ओळीवर माझं डोकं तापलं.

त्या दहा मिनिटांत आत काय होतं ते ऐक. तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन आहे ते, १५२ घनइंचाचं, म्हणजे अडीच लिटरचं. जागेवर मंद चालवलं की ते तापतच नाही. गार सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं थोडं लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवरून, खाली ओघळून तेलात मिसळतं, उरलेल्याची काजळी होऊन पिस्टनच्या चरीत बसते आणि रिंगा जाम करते. जळण्यातून पाण्याची वाफही होते. इंजिन पुरेसं तापलं तर ती बाहेर निघून जाते, नाहीतर तेलात उतरते. तेल भरायचं झाकण उघडून बघ, खालच्या बाजूला पांढरट फेस दिसेल. तुला वाटतं तू त्याला जागं ठेवते आहेस. तू त्याला दर महिन्याला थोडं थोडं गंजवते आहेस, पोरी.

आणि हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. वडिलांच्या माघारी मी हेच केलं. दर रविवारी सकाळी दहा मिनिटं. फडक्यानं पुसायचो, थोडी रेस द्यायचो, आवाज ऐकून समाधान वाटायचं, बंद. नऊ वर्षं! मग एका पावसाळ्यात नवा ट्रॅक्टर ऐन पेरणीत बसला, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात जुन्याला नांगर जोडला. दोन सऱ्या धड गेल्या. तिसऱ्या सरीला ब्रीदरमधून, इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेल उडायला लागलं आणि मागे निळा धूर. इंजिन खोललं तर तिन्ही पिस्टनच्या रिंगा चरीत गच्च बसलेल्या, आणि लायनर आरशासारखे गुळगुळीत, त्यात तोंड दिसेल असे. मेस्त्री म्हणाला, हा काम करून झिजलेला नाही, बसून गेलाय. मला ते वाक्य त्या दिवशी फार लागलं. अजून लागतं.

म्हणून लोडवर चालव. वर्षातून चार वेळा पुरे, पण प्रत्येक वेळी किमान तासभर, मागे काहीतरी ओढत. लगेच उठून नांगर जोडू नकोस मात्र. आधी तेल आणि फिल्टर बदल, टाकीतलं जुनं डिझेल काढून ताजं भर, डिझेलच्या नळ्यांतली हवा काढ, ब्रेक बघ. पहिल्या दिवशी हलकी कुळवणी, दुसऱ्या खेपेला नांगर. गिअर असा निवड की आवाज जड व्हावा पण इंजिनाला दम लागू नये. तो आवाज शब्दांत सांगता येत नाही. तुझ्या आजोबांना तो सीटमधून कळायचा, कानांची गरजच नव्हती.

आता तुला वाटेल, म्हातारा एकच पालुपद लावून बसलाय. लावणार. कारण हे यंत्र ज्याच्या कल्पनेतून निघालं त्या हॅरी फर्ग्युसनचा सगळा मुद्दाच हा होता. त्याच्या आधीचे ट्रॅक्टर वजनाच्या जोरावर ओढायचे, लोखंड जितकं जास्त तितकी पकड जास्त. लहान शेतकऱ्याला असला हत्ती परवडणार कसा आणि छोट्या तुकड्यात वळणार कसा? फर्ग्युसननं नांगर तीन दांड्यांवर जोडला आणि हायड्रॉलिकनं उचलून धरला. नांगराची ओढ वरच्या दांडीतून ट्रॅक्टरला कळते आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो. १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर ही रचना आली, मग १९४६ ते १९५६ त्याचा स्वतःचा टीई-२० निघाला आणि पाच लाखांहून जास्त बनले. वजन बघशील तर सव्वा टनाच्या आतबाहेर. म्हणजे काय, तर नांगर नसेल तेव्हा तो हलकाफुलका, आणि नांगर लागला की जमिनीला धरतो. तुझ्या ३५मध्ये तीच जोडणी आहे. मागच्या तीन दांड्या मोकळ्या लोंबकळत असताना तू जो ट्रॅक्टर बघते आहेस, तो अर्धाच ट्रॅक्टर आहे.

एक गोष्ट सांगतो, विषय सोडून वाटली तरी. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन. पट्टे चढवले होते चाकांवर, केबिन म्हणजे नुसतं कापड, आणि मागे सामानाच्या घसरगाड्या. ध्रुवापर्यंत ओझं ओढत गेले ते! आणि आपण शेडमधून अंगणापर्यंत नेतो, फोटो काढतो, आत ढकलतो.

बरं, कंबाईनकडे येऊ. तुला त्याची भीती वाटते हे पत्रातून दिसतं, आणि ती योग्य आहे. पण त्याला भंगार म्हणू नकोस, भाऊ काहीही म्हणो. अशा छोट्या, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या यंत्राला फिरवणाऱ्या शाफ्टवर) चालणाऱ्या कंबाईनमुळे लहान शेतकऱ्याला कापणी आणि मळणी एकाच फेरीत करता आली. अ‍ॅलिस-चाल्मर्सनं १९३५ साली ऑल-क्रॉप ६० काढलं, कापणीची रुंदी फक्त पाच फूट. त्याआधी कंबाईन म्हणजे मोठ्या जमीनदाराचं काम. पुढे स्वतःच्या इंजिनावर पळणारी आली, १९४४मध्ये अमेरिकेत मॅसी-हॅरिसची ५०० यंत्रं दक्षिणेकडून उत्तरेकडे पिकाच्या मागे मागे कापत गेली आणि एका हंगामात दहा लाख एकरांहून जास्त काढलं. ती मोठी कहाणी झाली. पाच फुटांच्या यंत्राची कहाणी कोणी लिहीत नाही, ती तुमच्या शेडमध्ये उभी आहे.

आणि इथेही तेच, लोडवर. आजोबांनी तुला हे सांगितलं होतं का मला माहीत नाही. कंबाईन अर्धपोटी चालवलं की दाणा फुटतो. नवशिका घाबरून सावकाश, थोडं थोडं पीक आत घेतो आणि वाटतं आपण यंत्राला जपतोय. मळणी करणारा ड्रम आणि त्याच्या खालची जाळी यांच्यात काडाचा थर भरलेला हवा. तोच थर दाण्याला उशीसारखा वाचवतो. थर नसला की ड्रमच्या पट्ट्या सरळ दाण्यावर बसतात. तेव्हा ट्रॅक्टर पीटीओच्या ठरलेल्या वेगावर ठेव, वेग कमी करायचा तर गिअरनं कर, रेसनं नाही, आणि पीक पुरेसं आत जाऊ दे. मग थांब, टाकीतले मूठभर दाणे तळहातावर घे. फुटके दिसले तर ड्रमचा वेग जरा कमी. ओंबीत दाणे राहून मागे पडत असतील तर जाळी थोडी जवळ घे. सुटे दाणेच भुसाबरोबर उडत असतील तर पंख्याचा वारा कमी कर. एका वेळी एकच गोष्ट हलव. मी तिन्ही एकदम हलवायचो आणि मग दिवसभर शिव्या द्यायचो, कुणाला ते विचारू नकोस.

आता रंगाचं. तुझ्या चार प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे, आणि ते द्यायला मला लाज वाटते.

आमच्या कंबाईनच्या डाव्या पत्र्यावर, जाळी जवळ-लांब करायच्या दांडीच्या वर, वडिलांनी खिळ्यानं ओरखडे काढले होते. पिकागणिक एक रेघ. रेघेशेजारी साल, कुठे ‘ओलं’ असा एक शब्द, कुठे नुसती फुली. दांडी त्या रेघेवर आणली की त्या पिकाला जाळी बरोबर लागायची. वीसेक हंगामांचं ज्ञान होतं त्या दोन वीत पत्र्यावर. मी त्यांची आठवण म्हणून यंत्र नवंकोरं करायला घेतलं आणि एका दुपारी तो पत्रा घासून चकचकीत केला. प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात. लोक बघायला यायचे, छान म्हणायचे. पुढच्या हंगामात मला एकाही पिकाची जाळी धड लावता आली नाही. दोन वर्षं खटपट केली, मग कंटाळून शेवटी ते देऊन टाकलं. रंग अजून ताजा होता.

तेव्हा तुझ्या पत्र्यावर काय आहे ते आधी बॅटरीच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात बघ. फोटो काढ, वहीत उतरव. ऑईल सांडून सांडून काळा पडलेला भाग, सीटची एकाच बाजूची झीज, वायरनं बांधलेली कडी, यातलं काहीही ‘मूळ स्थितीत’ आणायच्या नादात पुसू नकोस. कारखान्यातून निघाला तेव्हा तो तुझ्या आजोबांचा नव्हता.

एक मात्र बदल, आणि ते बदलताना जुनेपणाची दया करू नकोस. लोडवर म्हणजे छातीवर घेऊन नव्हे. त्या काळचे ट्रॅक्टर उलटले तर माणसाला वाचवायला वर काही नसायचं. स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली, बाकीचे फार मागून आले. मी चौकट बसवायला बारा वर्षं नकार दिला, का तर रूप बिघडतं. मग एक दिवस झाडाचा बुंधा ओढायला साखळी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला, न अडकवता वरच्या दांडीच्या जागी अडकवली. घाई होती. क्लच सोडला आणि पुढची चाकं वर. पाय आपोआप क्लचवर गेला म्हणून हे पत्र लिहितोय. साखळी कायम खाली, ड्रॉबारलाच. चौकट बसव, सोबत सीटचा पट्टाही बसव. पीटीओच्या शाफ्टवर कव्हर नसेल तर कंबाईन जोडूच नकोस. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक अडकलं तर ‘अरे’ म्हणेपर्यंत सगळं संपलेलं असतं. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

तो गृहस्थ पुन्हा आला तर त्याच्याशी फटकून वागू नकोस. त्याला विचार, नेऊन काय करणार. जोडून नांगरणार असेल तर तुझ्यापेक्षा तो बरा, असं मी तुझ्या तोंडावर सांगतो. काचेमागे ठेवणार असेल तर चहा पाजून परत पाठव. भावाला मात्र एकदा सीटवर बसव. रागावून सांगून उपयोग नसतो, मला ठाऊक आहे.

माझ्या घरात म्हणतात, यानं आयुष्य लोखंडावर घालवलं, माणसांवर नाही. माझं म्हणणं, लोखंडानंच घर चालवलं. खरंच चालवलं, त्याचा हिशोब माझ्याकडे आहे. दोन हंगाम असे होते की जुना ट्रॅक्टर नसता तर जमीन पडीक राहिली असती, हे कोणी बोलत नाही. पण मुलाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तो लहान असताना मी त्याला ट्रॅक्टर शेडमधून काढायला द्यायचो, धुवायला द्यायचो, परत लावायला द्यायचो. नांगर लागला की म्हणायचो, उतर, आता मी बसतो. सरी वाकडी व्हायची भीती वाटायची मला. तो आज दूर राहतो, यंत्रांचं नाव काढत नाही, आणि मी तुझ्यासारख्या परक्या पोरीला लांबलचक पत्रं लिहीत बसतो. तुझी सरी वाकडी होणार आहे. होऊ दे.

महिनाअखेर येतो मी. तोवर तीन कामं कर. क्लच पेडल दाबून खाली लाकडाचा ठोकळा अडकव, ट्रॅक्टर उभा असेल तेव्हा ते तसंच राहू दे, म्हणजे प्लेट चिकटणार नाही. कंबाईनची खालची सगळी झाकणं उघडून जुनं भूस काढ, ते ओल धरतं आणि आतून पत्रा खातं, शिवाय उंदीर. बेअरिंग खराब वाटलं तर कडेवर कोरलेला नंबर पुसून वाच आणि लिहून ठेव, बरीचशी आजही नंबरावर मिळतात. ओतीव भाग मात्र मिळत नाहीत, तिथे हातोडा लावू नकोस.

आणि ते दहा मिनिटांचं सुरू करणं आजपासून बंद. तेल-डिझेलचं काम आणि हलकी कुळवणी उरकून, मी येईन तेव्हा नांगर जोडलेला असू दे. सीटवर तू बसायचं, मी बांधावरून बघेन, आणि कितीही ओरडलो तरी उतरायचं नाही.

तुझा
काका