होडीला पीळ, इपॉक्सीला चिकटपणा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : चार मीटरच्या होडीचं किट घेतलं आहे. तळाच्या आणि बाजूच्या फळ्या तांब्याच्या तारेनं टाचून झाल्या, पण मागून पाहिलं की होडी किंचित पिळलेली दिसते. फळ्या यंत्रावर कापलेल्या आहेत, मग पीळ आला कुठून?

उत्तर : बहुतेक वेळा पीळ घोड्यांमुळे, म्हणजे होडी ज्या आधारांवर ठेवली आहे त्यांच्यामुळे येतो. टाचलेल्या होडीत अजून ताठपणा नसतो. फळ्या कितीही अचूक कापलेल्या असोत, खालचे घोडे वरखाली असतील तर होडी त्यांच्याप्रमाणे वाकते. म्हणून आधी दोन्ही घोडे लेव्हलनं एका पातळीत आणा. मग होडीच्या काठांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, एक पुढे आणि एक मागे. मागे उभं राहून एक डोळा मिटून पाहा : दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. त्यानंतर नाळेच्या (होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या) टोकापासून मागच्या फळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणून बांधा आणि तिच्यावरून दोन-तीन जागी ओळंबा सोडा. तो तळाच्या मधल्या सांध्यावर यायला हवा. शेवटी नाळेपासून मागच्या फळीच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. चार मीटरच्या होडीत दोन्ही मापांत तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

पीळ काढताना जोर लावू नका. त्या भागातल्या तारा एक-दोन वेढे सैल करा, खाली गेलेल्या कोपऱ्याखाली पाचर सारा, हवं तर समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरकी दोरी ताणून ठेवा. मग तारा मधून दोन्ही टोकांकडे थोड्या थोड्या आवळत जा. नाळेकडून सुरुवात केली की एक फळी दुसरीवर चढते, आणि पातळ प्लायवुडमध्ये तार कड फाडून बाहेर येते.

सगळं जुळलं की दोन टाक्यांच्या मधे घट्ट इपॉक्सीचे (रेझिन आणि हार्डनर मिसळून कडक होणाऱ्या गोंदाचे) छोटे ठिपके द्या. ते कडक झाले की पुन्हा मोजा, मगच तारा काढा आणि कोपऱ्यात गोलाईचा भराव द्या. हे पुन्हा मोजणं टाळायचा मोह फार होतो. पण भराव आणि फायबरग्लासची टेप बसल्यावर पीळ कायमचा राहतो आणि अशी होडी पाण्यात सतत एका बाजूला ओढते.

प्रश्न : काही तारा इपॉक्सीत अडकल्या आहेत. ओढल्या की तुटतात.

उत्तर : तारेच्या टोकाला तापलेलं सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ टेकवा. भोवतालचं इपॉक्सी मऊ पडतं, मग पकडीनं सरळ ओढा. तरीही तुटली तर टोक कानशीनं घासून सपाट करा. आत राहिलेल्या तुकड्यानं काही बिघडत नाही.

प्रश्न : लावलेलं इपॉक्सी दोन दिवसांनीही चिकट आहे. लवकर कडक व्हावं म्हणून हार्डनर थोडं जास्त घातलं होतं.

उत्तर : चिकटपणा त्यामुळेच आला असावा. पॉलिस्टर रेझिनमध्ये उत्प्रेरकाचं प्रमाण थोडं वरखाली करून वेग बदलता येतो, इपॉक्सीत नाही. इथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. जास्तीचं हार्डनर न जुळता तसंच आत राहतं. वेग हवा असेल तर त्याच कंपनीचं जलद हार्डनर घ्या किंवा खोली गरम ठेवा. डब्यावर आकारमानाचं प्रमाण २ : १ लिहिलं असेल तर ते वजनकाट्यावर वापरू नका. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलकं असतं, त्यामुळे वजनाचं प्रमाण वेगळं येतं.

निदान सोपं आहे. पृष्ठभाग साध्या पाण्यानं आणि भांडी घासायच्या घासणीनं धुवा. बुळबुळीत थर निघून खाली कडक लागलं तर तो दमट किंवा थंड हवेत हार्डनरमुळे वर येणारा मेणासारखा थर होता. तो धुतल्याशिवाय सँडपेपर मारू नका, नाहीतर कागद भरतो आणि पुढचा थर धरत नाही. नख रुतत असेल तर दोन-तीन दिवस उबेत ठेवून पाहा. तरीही रबरासारखं राहिलं तर खरवडून काढण्याला पर्याय नाही. वर नवा थर चढवून खालचा सुधारत नाही.

एका वेळी १००-१५० मिलिलिटरच मिसळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत पूर्ण दोन मिनिटं. मिश्रण लगेच पसरट थाळीत ओता. खोल पेल्यात उष्णता साठते आणि पेला धुमसू लागतो. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. कातडीवर लागलेलं इपॉक्सी थिनरनं पुसू नका, साबण-पाण्यानं काढा. एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते.

प्रश्न : पहिल्या थरात बारीक फुगे आणि छिद्रं आली.

उत्तर : लाकूड तापत असताना लेप दिला असणार. आतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या लेपातून बाहेर पडते. तापमान उतरत असताना, म्हणजे दुपारनंतर, लेप द्या. लाकूड उन्हात नको. पहिला थर पातळ ठेवा आणि तो चिकट असतानाच दुसरा द्या, मधे घासावं लागत नाही.

प्रश्न : किटमध्ये सांध्यांपुरतीच टेप आहे. तळाला पूर्ण कापड लावावं का?

उत्तर : वाळू-दगडांवर ओढायची असेल तर लावाच. चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं फायबरग्लासचं कापड पुरे. आधी बाहेरच्या कडा गोल करा, धारदार कडेवरून कापड उचललं जातं. वरून रंग किंवा अतिनील किरणं अडवणारं वॉर्निश द्यावंच लागेल, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि भुरभुरतं.

प्रश्न : खोलीत बांधलेली होडी दारातून निघेल का?

उत्तर : कुशीवर करून नेता येते, म्हणून रुंदीपेक्षा होडीची काठापासून तळापर्यंतची खोली मोजा आणि जिन्याचं वळण तपासा. काम करायला चारही बाजूंना ६० सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

प्रश्न : हवाबंद कप्पे खरंच हवाबंद आहेत हे कसं तपासायचं?

उत्तर : निचऱ्याच्या भोकाला नळी लावून तोंडानं हलकेच फुंका आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे गळती. पंप लावू नका, सांधा उकलेल. होडी ठेवून देताना भोकाचं बूच काढून ठेवा, कारण उन्हात आतली हवा फुगून तोच धोका होतो.