शून्य शुल्क खरं आहे, पण तुमच्या कुर्त्यांना नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. ‘ब्रिटन-युरोप व्यापार शुल्कमुक्त आहे’ या भरवशावर इंग्लंडमधल्या लेस्टरहून नेदरलँड्सच्या मराठी मंडळाला गणपतीसाठी कुर्ते आणि शिवलेल्या नऊवारी पाठवल्यात, आणि मंडळाच्या हातात शुल्काचं बिल पडलं. खाली प्रतिक्रियांमध्ये ब्रेक्झिट बरोबर की चूक यावर जुंपलीय, तुमचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मी याच गावात, याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ईओआरआय नंबर (व्यापाऱ्याचा कस्टममधला ओळख क्रमांक), कमोडिटी कोड (मालाच्या प्रकाराचा क्रमांक) हे सगळं तुमच्याकडे असणारच, ते सोडून देतो.

24 डिसेंबर 2020 ला ठरलेल्या ब्रिटन-युरोपियन युनियन करारात शून्य शुल्क आहे, यात खोटं काही नाही. पण ते ब्रिटनमधून निघालेल्या मालाला नाही, ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला आहे. तिरुपूरचा कुर्ता तुम्ही इथे उतरवलात, इथलं आयात शुल्क भरलंत, नवी पिशवी नि नवं लेबल लावलंत, तरी त्याचं मूळ भारतच. युरोपच्या दारात पुन्हा शुल्क, कपड्यांवर बहुतेक 12 टक्के. नऊवारीचं तर आणखी अवघड. शिलाई लेस्टरची असली तरी कापड भारतातलं आहे. कपड्यांना नुसतं बेतणं-शिवणं पुरत नाही, सहसा विणकामही ब्रिटन किंवा युरोपात झालेलं लागतं.

मला सगळ्यात मोठा फटका बसला तो इथेच. नाव घेत नाही, पण पैसे मोजून नेमलेल्या कस्टम एजंटच्या ऑफिसला मी लेखी कळवलं होतं की माल भारतात बनलाय. त्यांनी ‘मूळ देश’ या रकान्यात इंडियाच्या जागी यूके टाकलं, खाली शून्य शुल्कासाठीचं ठरावीक निवेदन चिकटवलं आणि माल सुटला. काही महिन्यांनी तिकडच्या कस्टमने माझ्या गिऱ्हाइकाकडे पुरावा मागितला. कुर्त्याच्या कॉलरला आतून ‘मेड इन इंडिया’ची पट्टी शिवलेली, पुरावा कुठून आणायचा? शुल्क भरावं लागलं, वर दंड, आणि ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. एजंटकडे फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची, आणि शेवटी एकच वाक्य: ‘जबाबदारी निर्यातदाराची.’ याचा मला आजही संताप येतो, कारण कायद्याने ते बरोबर होतं. निवेदन निर्यातदाराच्या नावाने जातं. त्यामुळे ते स्वतः वाचल्याशिवाय जाऊ देऊ नका आणि त्याचे कागद निदान 4 वर्षं जपा.

आता वादाबद्दल माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. लेस्टरने 2016 च्या ब्रेक्झिट सार्वमतात 51.1 टक्के मतांनी ‘युरोपियन युनियनमध्ये राहा’ म्हटलं, म्हणजे आपल्या गल्लीतही निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आपल्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याचं नशीब मात्र ‘राहा की निघा’वर नाही, ‘कसं निघा’वर ठरलं. 1 एप्रिल 2019 ला खासदार केनेथ क्लार्क यांचा कस्टम्स युनियनचा (म्हणजे आपसात शुल्क नाही आणि बाहेरच्या मालाला सगळीकडे एकच शुल्क, अशा व्यवस्थेचा) ठराव ब्रिटनच्या संसदेत 273 विरुद्ध 276 असा पडला. तीन मतांनी! तुर्कस्तान युरोपियन युनियनचा सदस्य नाही, पण कस्टम्स युनियनमध्ये आहे. त्यामुळे तिथे एकदा शुल्क भरून आलेला कारखानी माल पुढे युरोपात जाताना पुन्हा आयात शुल्क लागत नाही. तेच आपल्याला मिळालं असतं. टीव्हीवरच्या चर्चांत सगळे टॅरिफवर बोलत होते, मालाच्या मुळाबद्दल क्वचितच कोणी बोललं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मे 2025 च्या ‘रीसेट’ने, म्हणजे ब्रिटन-युरोप संबंध सुधारायच्या समझोत्याने, हे सुटेल असं एकाने लिहिलंय. नाही सुटणार. मालाच्या बाबतीत त्यातली बोलणी मुख्यतः खाण्यापिण्याच्या मालाच्या तपासण्यांवर आहेत, आणि कस्टम्स युनियनला ब्रिटिश सरकारने स्पष्ट नकार दिलाय. जुलै 2025 मध्ये सह्या झालेल्या भारत-ब्रिटन कराराचा फायदा भारतातून इथे येणाऱ्या मालाला, इथून युरोपात जायच्या पुढच्या टप्प्याला नाही. शुल्क चुकवायला एकाच ऑर्डरचे 150 युरोंच्या आत बसतील असे तुकडे करा, हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. ते नियमात बसत नाही.

माझ्या मते उपाय एकच. युरोपची ऑर्डर भारतातच वेगळी काढा आणि परभारे नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला पाठवा. तिथलं शुल्क एकदाच लागेल, इथलं वाचेल. शुल्क कोण भरणार ते मंडळाशी आधीच लेखी ठरवा. या वेळचं बिल मात्र तुम्हीच भरा, त्यांना किंमत शुल्कासह सांगितली होतीत ना? मी वकील नाही, एजंटही नाही, आणि नियम बदलत असतात, तेव्हा मोठ्या मालाआधी जाणकाराला विचारा.

आणि खोक्यात जागा उरली म्हणून पेढे घालू नका. दुधाचे नि मांसाचे पदार्थ खाजगी पार्सलमधूनही चालत नाहीत. जानेवारी 2021 मध्ये नेदरलँड्सच्या हूक ऑफ हॉलंड बंदरात ब्रिटनहून आलेल्या ट्रकवाल्यांचे हॅम सँडविच काढून घेतले होते. पेढे अडकले की कुर्तेही त्यांच्यासोबत अडकतात.