शाळेसमोरच्या दुकानात जूसचं पाकीट ठेवावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. हुडकेश्वर रोडला आमचं जुनं किराणा दुकान होतं. त्याचंच आता छोटं सुपरमार्केट केलं आहे, गिऱ्हाईक टोपली घेऊन स्वतः फिरतं. रस्ता ओलांडला की शाळा. शाळा सुटली की पोरं लोंढ्यानं येतात आणि सरळ फ्रिजकडे जातात. माझी मुलगी बी.एस्सी. करून राहिली आहे. तिनं वाचलं की इंग्लंडमधल्या एका मोठ्या सुपरमार्केटनं लहान मुलांचा लठ्ठपणा कमी व्हावा म्हणून साखरेची पेयं विकणं बंद केलं. ती म्हणते, बाबा, आपणही काढा. पण उन्हाळ्यात माझा निम्मा गल्ला थंड्यावर चालतो. फ्रिज कंपनीचा आहे, त्यात दुसरा माल दिसला की सेल्समन फोटो काढून नेतो. मी काढलं तर पोरं बाजूच्या पानठेल्यावर जातील, मग फायदा कोणाचा झाला? आणि आपल्या विदर्भात वाळलेली पोरंच जास्त, लठ्ठ कुठे आहेत? जे खरं असेल ते सांगा.
(एक दुकानदार, नागपूर)

उत्तर : भाऊ, मुलीचं ऐका. मात्र सुरुवात कोणत्या मालापासून करायची, हे त्या बातमीतच आहे, आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ती साखळी म्हणजे टेस्को, ब्रिटनमधली सगळ्यात मोठी. २०१५ साली त्यांनी ठरवलं की मुलांच्या शाळेच्या डब्यासाठी म्हणून विकली जाणारी, वरून साखर घातलेली छोटी पेयं ठेवायची नाहीत. रायबीना आणि काप्री-सनसारख्या नावाजलेल्या पेयांची साखरवाली पाकिटं त्यात गेली. कोला तिथेच राहिला. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली, की खरं गोड पाणी ठेवलं आणि फळांचं नाव असलेलं काढलं. मला ती निवड बरोबर वाटते, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करावी.

माझ्याकडे वजनासाठी जी मुलं येतात, त्यांच्या आईबाबांना मी पहिल्या भेटीत 'मूल काय पितं' हे विचारते. कोल्ड्रिंकबद्दल उत्तर तयार असतं : "नाही हो मॅडम, आम्ही देतच नाही, लग्नाकार्यात घेतलं तर तेवढंच." आंब्याच्या पाकिटाबद्दल वेगळं विचारावं लागतं, कारण ते त्यांच्या हिशेबात पेय नसतं, फळ असतं. ते आई स्वतः डब्याच्या पिशवीत ठेवते. आजोबा शाळेतून आणताना वाटेत घेऊन देतात. शिकवणीला जाताना एक, कूलरसमोर बसून टीव्ही पाहताना एक. त्यातल्या काही मुलांच्या मानेमागे काळपट, जाडसर पट्टा असतो. आईला वाटतं मळ आहे, ती रोज घासते, पोरगं रडतं. वजन जास्त असलेल्या मुलाच्या मानेवरचा असा पट्टा बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तो घासून जात नाही. हे मला दर आठवड्याला कुणाला ना कुणाला समजवावं लागतं आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या आईनं मुलाला फळ मिळावं म्हणूनच ते पाकीट घेतलेलं असतं.

आता त्या पाकिटात काय असतं ते बघा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार 'फ्रूट ड्रिंक' म्हणायला किमान १० टक्के फळाचा रस किंवा गर पुरतो, लिंबाच्या पेयाला तर ५ टक्के. बाकी मुख्यतः पाणी आणि साखर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणजे जे जास्त ते आधी. तुमच्या फळीवरचं एक पाकीट उलटं करा आणि १०० मिलीमागे वरून घातलेली साखर किती ते वाचा. आंब्याच्या पेयांत १२ ते १४ ग्रॅमच्या आसपास आकडा सापडतो, कोल्यात साधारण ११. म्हणजे पुष्कळदा आंब्याचं पाकीट कोल्याच्याही पुढे असतं. दीडशे मिलीच्या पाकिटात सुमारे २० ग्रॅम साखर झाली, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. ५ टक्के म्हणजे या वयाला जेमतेम २१ ग्रॅम. एका पाकिटात दिवसभराची सगळी संपली, आणि घरचा चहा, बिस्किटं, जॅम अजून बाकीच आहे.

शिवाय पातळ साखरेनं पोट भरल्यासारखं होत नाही. मूल नंतर जेवतंच, फार तर भाजी-पोळी थोडी सोडतं. नेदरलँड्समध्ये एक चांगला प्रयोग झाला होता, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. साधारण पाच ते अकरा वर्षांची ६४१ मुलं. निम्म्यांना रोज २५० मिली साखरेचं पेय, निम्म्यांना तशाच चवीचं बिनसाखरेचं, दीड वर्ष. कुणाला काय मिळतंय हे मुलांना माहीत नव्हतं. साखरवाल्या मुलांचं वजन सरासरी ७.३७ किलोनं वाढलं, दुसऱ्यांचं ६.३५ किलोनं. दिवसाला एका पेल्यामागे दीड वर्षात एक किलो. याचा अर्थ 'डायट' पेयं ठेवा असा काढू नका. वजन आटोक्यात ठेवायला कृत्रिम गोडीवर विसंबू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आहे. आणि गोडाची जी सवय मोडायची, ती त्यानं तशीच राहते.

तुमच्या बिलावरही एक गोष्ट दिसत असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून गॅसवाल्या गोड पेयांवर जीएसटी ४० टक्के झाला, आणि गॅस नसलेल्या फळांच्या पेयांवर १२ वरून ५ वर आला. साखर दोन्हींत आहे. ब्रिटननं २०१८ साली कर लावला तो साखर मोजून : १०० मिलीत ५ ग्रॅमच्या वर एक दर, ८ ग्रॅमच्या वर त्याहून जास्त. कर लागू होण्याआधीच बऱ्याच कंपन्यांनी आपल्या पेयांतली साखर कमी केली. आपल्याकडे मात्र जे पाकीट आई विश्वासानं घेते तेच स्वस्त होण्याच्या वाटेवर गेलं. मला हे चुकीचं वाटतं आणि ते मी इथे स्पष्ट लिहिते.

पानठेल्याचं म्हणाल तर, काही पोरं जातील. पण नियम तुम्हा दोघांनाही सारखाच आहे. शाळकरी मुलांच्या आहाराबद्दलचे केंद्राचे २०२० चे नियम सांगतात की ज्यात साखर, मीठ किंवा घातक चरबी जास्त आहे, असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून कोणत्याही दिशेला ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. इंग्लंडमध्ये २०२२ पासून असे पदार्थ दाराशी आणि गल्ल्याजवळ मांडायला बंदी आली, ती २००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांना, छोटी सुटली. आपला ५० मीटरचा नियम दुकानाचा आकार विचारत नाही. तेव्हा एकट्यानं करू नका. मुख्याध्यापकांना भेटा, पानठेलेवाल्याला सोबत घ्या. पालकसभेत हा विषय शाळेनं काढला तर तुमच्यावरचा भार निम्मा होईल.

आता फ्रिज. कंपनीचा फ्रिज परत करा असं मी आज सांगणार नाही. ज्याचं घर त्या गल्ल्यावर चालतं त्याला असा सल्ला देणं सोपं असतं. पण तो दाराशी आहे, तो आत भिंतीला लावता येईल का ते बोलून बघा. छोटी पाकिटं त्या फ्रिजमध्ये नसतातच बहुधा. ती गल्ल्यासमोर, पोरांच्या हाताला येतील अशी लटकवलेली किंवा खालच्या फळीवर असतात. ती जागा तुमची आहे. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, उरलेल्या महाराष्ट्राच्या नंतर. तोवर आहे तो माल मोठ्या गिऱ्हाइकाला संपवा आणि छोट्या पाकिटांची पुढची ऑर्डर देऊ नका. एक जुना घरगुती फ्रिज गल्ल्याजवळ ठेवा, त्यात साधं ताक, पाण्याच्या छोट्या बाटल्या. पाकिटांच्या जागी फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे. शाळा सुटायच्या वेळी दाराशी वाळा घातलेला माठ आणि स्वच्छ पेले ठेवले तर पोरं खरंच पाणी पितात. पंचेचाळीस अंशांत त्यांना तहान लागलेली असते, आणि तहानेला पाणीच हवं असतं.

पन्ह्याबद्दल आणि रसवंतीबद्दल लोक विचारतीलच. कैरीचं पन्हं मला फार आवडतं, पण त्यात गूळ असतो आणि मुलाच्या वजनाच्या दृष्टीनं गूळही साखरच. घरी कमी गुळाचं, मीठ-जिरं जास्त असलेलं करावं, सणासारखं प्यावं. उसाचा रसही कधीतरीच.

उन्हाळ्यात 'ओआरएस' म्हणून जी गोड पाकिटं विकली जात, तीही तपासा. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे १०० मिलीत दीड ग्रॅमही नाही. त्या पाकिटांत याच्या कितीतरी पट साखर असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. जुना माल उरला असेल तर जुलाब झालेल्या किंवा ऊन लागलेल्या पोराला तो देऊ नका. औषधाच्या दुकानातली पुडी सांगा.

राहिला विदर्भातल्या वाळलेल्या पोरांचा प्रश्न. तो तुम्ही विचारलात याचं मला बरं वाटलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. त्याच फेरीत देशभरातल्या या वयाच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधीच्या २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं. दोन्ही एकाच वेळी घडतं आहे, कधी एकाच वस्तीत. आणि दहा रुपयांचं पाकीट मेळघाटापर्यंत पोचतं. ज्या पोराच्या पोटात डाळ-भात, अंडं जायला हवं त्याची भूक त्या दहा रुपयांत मरते, आणि हुडकेश्वरच्या पोराचं वजन त्याच दहा रुपयांत वाढतं. त्या पाकिटाचा दोघांपैकी एकालाही उपयोग नाही.

प्रश्न : सोसायटीतल्या सगळ्या वाढदिवसांना आता आम्ही कोल्ड्रिंकऐवजी 'शंभर टक्के' ज्यूसचा खोका आणतो. हे तरी बरं ना? मुलगा सहा वर्षांचा आहे, वजन थोडं जास्त सांगितलंय.
(एक आई, प्रतापनगर)

उत्तर : थोडं बरं, फार नाही. रसातली साखरही जागतिक आरोग्य संघटना टाळायच्या साखरेतच धरते, कारण चोथा गेलेला असतो आणि तीन-चार फळांचा रस एका दमात पोटात जातो. 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा पाकिटावरून काढा, असा आदेश एफएसएसएआयनं जून २०२४ मध्ये दिला आहे. पुष्कळ रस आधी आटवून नंतर पाणी घालून बनवलेले असतात.

तुम्ही नागपुरात राहता, वर्षातून दोन बहार संत्री मिळतात. आंबिया दिवाळीच्या आगेमागे, मृग फेब्रुवारीपासून. त्या दिवसांतल्या वाढदिवसाला परातभर संत्री ठेवा आणि मुलांनाच सोलू द्या. एका मुलाच्या दोन संत्र्यांच्या वर होत नाहीत, मी पाहिलंय. उन्हाळ्यात टरबुजाच्या फोडी. केक राहू द्या. वर्षातून एकदा आपल्या वाढदिवसाचा केक खाल्ल्यानं कुणाचं मूल लठ्ठ होत नाही, आणि त्यावरून मुलासमोर वजनाचं बोलू नका. सहा वर्षांच्या मुलाला ते लागतं आणि लक्षात राहतं.

प्रश्न : आठवीतला नातू क्रिकेटच्या सरावाआधी एनर्जी ड्रिंक पितो. म्हणतो, ताकद येते.
(एक आजोबा, सक्करदरा)

उत्तर : काका, डब्यावरचा बारीक मजकूर त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा. मुलांसाठी शिफारस नाही, असं त्यावर कायद्यानं छापावं लागतं. ताकद वाटते ती कॅफीनची आणि साखरेची. ब्रिटनमधल्या मोठ्या सुपरमार्केटनी २०१८ पासून १६ वर्षांखालच्यांना ही पेयं विकणं आपणहून बंद केलं आहे. सरावाआधी तासभर केळं किंवा भाकरी, सोबत पाणी, आणि घाम गाळून आल्यावर मीठ घातलेलं ताक. छातीत धडधड होते का, रात्री झोप लागते का, हे त्याला विचारा. धडधड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि काय पितो तेही त्यांना सांगा.