हाल सोसूनही ख्रिस्ती माणूस देवाची सेवा राजीखुशीने कशी करू शकतो?

आम्हा गोवेकरांना याचं उत्तर बाणावलीत सापडतं. १६५१ साली तिथे जन्मलेले संत जुझे वाझ. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती, हे ठाऊक असूनही १६८७ मध्ये ते मजुराच्या वेशात तिकडे गेले. कुणी ढकललं नव्हतं, त्यांनी स्वतःच मागून घेतलं. पोचल्या पोचल्या हगवणीने आडवे झाले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून जाफन्यात दारोदार भीक मागत फिरले. माळ पाहून कुणाचा चेहरा बदलतो, त्यावरून लपून राहिलेले ख्रिस्ती ओळखायचे! हे वाचताना मला आजही भरून येतं. पुढे कँडीत हेर समजून कैद झाली. १६९७ च्या देवीच्या साथीत त्याच कँडीत, घरच्यांनी टाकलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:२) मेंढपाळांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, सांगितलंय की कळपाची काळजी भाग पडतं म्हणून नको, खुशीने घ्या. पण खुशी म्हणजे दुखतच नाही असं नव्हे. गेथसेमनी बागेत खुद्द येशूनेही ‘हा प्याला टळू दे’ अशी प्रार्थना केली, आणि मग ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हटलं. तुम्हीही आधी रडून घ्या, देवाला ते चालतं.