रिपोर्ट नॉर्मल आहेत पण बोट मानेवरून हलत नाही

समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या फोनमधे हा एक प्रश्न ठरलेला असतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण गाडी त्याच रुळावर. मॅडम, मानेला गाठ लागते, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी पण झाली, ते म्हणतात काही नाही, पण मला आतून वाटतंय की काहीतरी आहे. मग जरा थांबून हळू आवाजात, कॅन्सर तर नसेल ना हो? विचारणारे बहुतेक पंचवीस ते चाळीस वयातले, आणि यात पुरुष कमी असतात असं कुणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही.

आज सुहासची गोष्ट सांगते (नाव आणि बाकी खाणाखुणा बदलल्यात, त्याला विचारूनच लिहितेय). वय बत्तीस, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात शेती ऑफिसला क्लार्क, लग्न झालेलं, एक लहान मुलगी. सुपारीचं खांड नाही की तंबाखू नाही. आला तो प्लॅस्टिकची जाडजूड फाईल घेऊन. रक्ताचे रिपोर्ट, छातीचा एक्सरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून केलेली तपासणी, आणि दोन वेगवेगळ्या सेंटरच्या दोन सोनोग्राफ्या. पहिल्या सोनोग्राफीत जबड्याखालची गाठ ८ मिलिमीटर लिहिलेली, महिन्याभरानंतरच्या दुसरीत ९. हा १ मिलिमीटर त्याच्या डोक्यात असा काही बसला होता की बाकी सगळी फाईल त्याच्यापुढं शून्य. मशीन वेगळं, माप घेणारा हात वेगळा, अहो एकाच डॉक्टरनं एकाच दिवशी दोनदा मोजलं तरी एवढा फरक पडू शकतो. पण त्याच्या लेखी "वाढतीये".

आणि रिपोर्टमधल्या एका शब्दाखाली त्यानं पेनानं दोनदा रेघ ओढलेली. लाइकली. म्हणजे लाइकली रिअॅक्टिव्ह, बहुधा इन्फेक्शनमुळे सुजलेल्या गाठी. खाली नेहमीची ओळ, क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड. आता हे वाक्य रेडिओलॉजिस्ट जवळजवळ प्रत्येक रिपोर्टवर लिहितात, अर्थ एवढाच की पेशंटला समोर तपासणाऱ्या डॉक्टरनं हे ताडून बघावं. सुहासनं अर्थ काढला, बघा, त्यांना पण खात्री नाहीये.

त्याच्याबरोबर बायको आली होती. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मॅडम, यांच्या शर्टाच्या कॉलरला शाईचे डाग का पडतात ते विचारा. तर हा गडी आरशात बघून मानेवर बॉलपेननं ठिपका काढायचा, गाठ नेमकी तिथंच आहे का सरकली ते दुसऱ्या दिवशी कळावं म्हणून. झोपायच्या आधी मोबाईलचा टॉर्च तोंडात मारून घसा बघायचा. ऑफिसात एका हातानं माऊस आणि दुसरा हात जबड्याखाली. बायकोची मान चाचपून झालेली, पोरीची पण, तुलना करायला म्हणून. आणि दिवसातून कितीतरी वेळा, "अगं इथं लागतंय का बघ, कालच्यापेक्षा मोठी वाटते का?" ती बिचारी नाही म्हणायची, अर्धा तास शांतता, की परत.

माझ्याशी बोलतानाही त्याची दोन बोटं तिथंच होती. मी म्हटलं, आता तुम्ही मान धरलीये हे तुम्हाला कळलं का? त्याला कळलंच नव्हतं.

आता थोडं शरीराचं, कारण हे माहीत नसल्यामुळंच निम्मी भीती असते. आपल्या शरीरात ६०० च्या आसपास लिम्फ नोड, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या बारीक गाठी, असतात आणि त्यातल्या शेकड्यांनी एकट्या मानेत. घसा धरला, दाढ किडली, हिरडी सुजली, डोक्यात कोंडा किंवा उवा झाल्या तरी त्या सुजतात, पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं ना, तोच प्रकार. इन्फेक्शन गेलं तरी कधीकधी वाटाण्याएवढी गाठ तशीच राहते, वर्षानुवर्षं, आणि बारीक माणसाच्या मानेला ती सहज लागते. मानेत साधारण १ सेंटीमीटरच्या आतली, मऊसर, बोटाखाली सरकणारी गाठ लागणं ही फार सामान्य गोष्ट आहे. शिवाय शोधायला बसलं की मानेत काय काय सापडतं! जबड्याखाली दोन्ही बाजूला लाळेच्या ग्रंथी असतात, त्या गाठीच वाटतात. घशाजवळच्या हाडाची टोकं कडक लागतात. कानाच्या खाली मणक्याचं टोक लागतं. एकानं तर मला धडधडणारी गाठ सापडली म्हणून सांगितलं होतं, ती मानेतली रक्तवाहिनी होती, धडधडणं हे तिचं कामच. आणि तीच जागा दिवसभर दाबत बसलात तर ती दुखणारच, सुजणारही, मग दुखतंय म्हणून परत दाबायचं.

घशात अडकल्यासारखं वाटणं हा वेगळा भाग. डॉक्टर त्याला ग्लोबस म्हणतात. सुहासला मी विचारलं, जेवताना अडकतं का? तर नाही, भाकरी, ठेचा, सगळं व्यवस्थित खाली उतरतं, उलट जेवताना तेवढं बरं वाटतं, थुंकी गिळताना मात्र गोळा अडकतो. ग्लोबसचं हेच लक्षण. ॲसिडिटी घशापर्यंत येत असेल तर होतं, टेन्शनमधे घशाचे स्नायू आवळले जातात त्यानं होतं, आणि लक्ष तिथं लावून बसलं की जास्तच होतं.

मग मी त्याला एक करायला लावलं, वाचणाऱ्यांनी पण हवं तर करून बघा. काही न पिता लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळायचा. पहिला जातो, दुसरा जातो, तिसऱ्याला जरा जोर लागतो, चौथ्या-पाचव्याला घसा अडतो, तिथं काहीतरी आहे असं पक्कं वाटतं. बायकोलाही करायला लावलं, मीही केलं, तिघांचाही घसा अडला. लाळच उरत नाही तर गिळणार काय. सुहास दिवसभर "अडकतंय का बघू" म्हणून हेच करत होता. तो पहिल्यांदा थोडा हसला.

पण इथं एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे, कारण मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. गाठीची तपासणी न करता माझ्याकडे आलेल्या माणसाला मी आधी डॉक्टरकडे पाठवते, मग बाकीचं. कडक, दगडासारखी, जागची न हलणारी गाठ, दोन-तीन आठवड्यांनीही न उतरलेली किंवा वाढत चाललेली, कॉलर बोनच्या वर आलेली कुठलीही, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, घास खरोखर अडकणं, तोंडातली न भरणारी जखम, कारण नसताना वजन उतरणं, रात्री कपडे भिजतील एवढा घाम, बरेच दिवसांचा ताप. यातलं काही असेल तर मनाच्या गप्पा मारत बसायचं नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री असेल तर आणखी लवकर जायचं. गाठ गळ्याच्या पुढच्या बाजूला असून गिळताना वरखाली होत असेल तर थायरॉईड बघून घ्यायचं.

आणि आपल्याकडे टीबी आहे हे विसरून चालत नाही. कॉलेजातली एक मुलगी आलेली, घरचे म्हणे अभ्यासाचं टेन्शन घेते, जेवत नाही, सारखी मान चाचपते, तुम्ही समजावा. मानेला एकापुढं एक तीन गाठी, संध्याकाळी बारीक ताप. मी काही समजावलं नाही, सरकारी दवाखान्यात पाठवलं. सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासलं, गाठींचा टीबी निघाला, जुनी माणसं गंडमाळ म्हणायची तोच. सहा महिने गोळ्या, त्या सरकारकडून मोफत मिळतात, वर पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात. पोरगी ठणठणीत झाली. तेव्हा प्रत्येक गाठीला मनाचे खेळ म्हणणारे नातेवाईक पण माझ्या यादीत आहेत, त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल.

सुहासच्या बाबतीत हे सगळं होऊन गेलेलं होतं. दोन डॉक्टरांनी हातानं तपासलेलं, दुर्बीण झालेली. मग "काही नाही, साधी गाठ आहे" हे ऐकून त्याला बरं का वाटत नव्हतं? उलट तो सांगायचा की डॉक्टर असं म्हणाले की पोटात खड्डाच पडतो. हे मला खटकलं. तिसऱ्या भेटीत उलगडा झाला. त्याचे चुलते घशाच्या कॅन्सरनं गेले होते. मिरजेच्या वाऱ्या यानंच केल्या, गाडीवरून, नंतर भाड्याच्या गाडीनं. आणि त्याआधी कितीतरी महिने एक डॉक्टर चुलत्यांना गोळ्या देत होते आणि म्हणत होते, काही नाही हो, साधी गाठ आहे. तेच शब्द!

म्हणजे ज्या वाक्यानं बाकीच्यांना धीर येतो त्याच वाक्यानं हा घाबरत होता. तुम्ही त्याला शंभर वेळा "साधी आहे" म्हणालात तर शंभर वेळा चुलते आठवणार. घरचे वैतागून म्हणायचे एकदा विश्वास ठेव की डॉक्टरवर, आई म्हणायची मन चिंती ते वैरी न चिंती. खरं आहे, पण त्याला त्याचा उपयोग काय.

त्या दिवशी गाठीबद्दल आम्ही बोललोच नाही, चुलत्यांबद्दल बोललो. ते कसे होते, शेवटी आवाज गेल्यावर पाटीवर लिहून काय मागायचे, ह्याला अजून कसली टोचणी आहे. मीच आधी मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, हे तो पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. बायकोलाही माहीत नव्हतं. पुढच्या भेटीत त्यालाच कागदावर दोन रकाने करायला सांगितले, एक काकांचा, एक स्वतःचा. काका, तीस वर्षं तंबाखू. मी, नाही. काकांची गाठ कडक, वाढत गेलेली. माझी सरकते, आहे तेवढीच (इथं तो ते १ मिलिमीटर लिहू का म्हणाला, मी म्हटलं लिहा, त्यानं लिहिलं आणि मग स्वतःच खोडलं). काकांचा आवाज बसलेला. माझा खणखणीत. काकांची कुणी दुर्बीण केली नाही. माझी झाली. हे मी सांगितलं असतं तर त्यानं वाद घातला असता, स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्याशी काय वाद घालणार.

खरा अडसर पुढं होता. "ठीक आहे मॅडम, पण मला १०० टक्के खात्री पाहिजे." ही पाहिजेची मागणीच घात करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा सगळा रोख या "पाहिजेच" वर आहे, खात्री असावी अशी इच्छा ठेवा, हट्ट धरू नका. मी त्याला विचारलं, रोज मोटारसायकलवरून कारखान्यावर जाता, उसाच्या डबल ट्रॉल्यांच्या मधून, संध्याकाळी घरी पोचण्याची १०० टक्के खात्री कुणी लिहून देतं का? नाही. तरी जाता. मग एवढी एकच खात्री कशाला अडवून धरलीये? त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

नंतरचं काम कंटाळवाणं होतं, ते असंच असतं. मान चाचपणं एकदम बंद करा म्हणून कुणाचं बंद होत नाही. आधी नुसती नोंद, खिशातल्या डायरीत प्रत्येक वेळी एक रेघ. पहिल्या दिवशीच्या रेघा बघून तो स्वतः चाट पडला. मग दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा, रविवारी आंघोळीनंतर, हलक्या हातानं, आरसा आणि पेन नाही. मधे हात गेला तर जाऊदे, लक्षात आलं की काढायचा, स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत. हात आवरला की पहिली दहा-पंधरा मिनिटं जीव कासावीस होतो, हे आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ती कळ सोसली की उतरते हे त्यालाच अनुभवायला लागलं. गुगल बंद, युट्यूबवरचे गाठीचे व्हिडीओ बंद. नवीन सोनोग्राफी डॉक्टर स्वतः सांगतील तेव्हाच, आणि डॉक्टर एकच.

सगळ्यात अवघड काम बायकोचं होतं. "लागतंय का बघ" म्हटलं की बघायचं नाही आणि नाही म्हणूनही सांगायचं नाही. आम्ही तिघांनी मिळून उत्तर ठरवलं, "अहो, याचं उत्तर मॅडमनी बंद केलंय. चहा टाकू का?" पहिल्या आठवड्यात तो तिच्यावर जाम चिडला, दोन दिवस अबोला. तिनं मला फोन करून विचारलं, मी दुष्टपणा करतेय का? मी म्हटलं, नाही, तुमच्या प्रत्येक "नाही" नं अर्ध्या तासाचा आराम मिळतो आणि पुढच्या प्रश्नाची सोय होते, चहाच टाका.

काही जणांना एवढ्यावर भागत नाही, झोप पूर्ण उडालेली असते, कामावर जाता येत नाही, तेव्हा मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, काही महिने गोळ्या लागतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सुहासला लागल्या नाहीत. त्याची ॲसिडिटीची गोळी मात्र डॉक्टरांनी चालू केली, रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणं त्यानं बंद केलं आणि घशातला गोळा बराच कमी झाला.

मधे एकदा परत घसरला, पोरीला सर्दी झाली आणि तिच्या मानेला गाठ लागली. लहान मुलांच्या मानेला सर्दी-खोकल्यात गाठी लागतातच, पण याची रात्र गेली. सकाळी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवलं, त्यांनी काही दिवसांनी परत बघू म्हटलं, आणि तेवढे दिवस हा तिच्या मानेला हात न लावता राहिला. मला हे त्याच्या स्वतःच्या मानेपेक्षा मोठं वाटलं.

गळीत हंगाम सुरू झाल्यावर त्याचा फोन आला तो पुढची भेट रद्द करायला, दोन पाळ्यांत काम, सुट्टी नाही. बोलता बोलता म्हणाला, दाढेचं रूट कॅनाल चालू आहे, जबड्याखाली चांगली गाठ आलीये, डेंटिस्ट म्हणाले दाढ नीट झाली की उतरेल, तीन आठवड्यांत नाही उतरली तर ईएनटीला दाखवीन. मी विचारलं केवढी आहे? म्हणाला, मोजली नाही.

गावात समुपदेशक नाही म्हणून अडून राहिलेल्यांसाठी, टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाईन २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र कधीही, मराठीतही बोलता येतं. फोन लावताना रिपोर्टची फाईल समोर घेऊन बसू नका, ते तुम्हाला गाठीचा आकार विचारणार नाहीत.